तीन दाब

आर्णी, १२ सप्टेंबर २०२५

गुलाब,

वर 'प्रिय' लिहिलं नाई, ते ध्यानात ठेव.

तुहा पत्ता मामाच्या बादलनं देल्ला. तो सरकी आनाले आदिलाबादले जाते, तथी जिनिंगच्या फाटकावर त्यानं तुले पाह्यलं म्हने. खुर्ची टाकून बसलेला, गळ्यात शिट्टी. वॉचमन झाला म्हने तू. वीस वर्षं ज्यानं स्टेरिंग सोडलं नाई, तो आता दुसऱ्यायच्या गाड्यायचे नंबर वहीत लिहिते. आयकून मले बरं वाटलं. खोटं कायले सांगू?

फोन काहून नाई केला म्हनशीन. फोनवर मी शिव्या देल्ल्या असत्या अन् तू गुमान आयकून घेतल्या असत्या. तुहं ते आयकून घेनंच मले सहन होत नाई. सख्खा धाकटा भाऊ असून तू कधी उलटून बोलला नाई, हेच तं दुखनं आहे.

काम असं. परवा रामधन नाईक दुकानावर आला. तांड्याचा नाईक मानूस, म्हनून स्टूल पुसून देल्ला, चहा सांगतला. तं म्हने, "लखीराम, तुह्या मायचे, बिजलीबाईचे, डोळे चालले. तुमच्या याडीले गुलाबले एकडाव पाह्याचं आहे. तू हो म्हन, मी त्याले निरोप धाडतो."

मी म्हनलं, "मी काय त्याले बांधून ठेवलं? आता कायदा आहे नाईक. कोनी कोनाले तांड्याबाहेर काढू शकत नाई."

"कायद्यानं नाई काढलं बाप्पा. तो तुह्या तोंडाकडं पाहून येत नाई. लखीराम भिया बलावन तवाच येईन म्हनते."

तं आयक. मी नाई म्हनलं. चहा प्याले अन् नाईक उठून गेले. याडीनं त्या दिवशी माह्या हातची भाकर खाल्ली नाई. खाऊ नको म्हना. तिले दोन लेकं आहेत, मले बायको एकच होती.

येत्या कार्तिकात उज्ज्वलाले जाऊन सात वर्षं होतीन. महागावच्या बाजारातून येतानी तुह्या मेटॅडोरमंधी तुह्या बाजूले बसलती. मांगं सोयाबीनचे कट्टे. खडकीच्या उतारावर तू इंजिन बंद केलं, तुहा डोळा लागला, अन् गाडी खालच्या वळनावर न वळता सिधी नाल्यात गेली. हे मी नाई म्हनत. तू म्हनला. पंच नसाबीले बसले तवा साऱ्या तांड्यासमोर हात जोडून तूच म्हनला, "मी ब्रेक दाबलाच नाई. माहा डोळा लागलता." पोलिसायले बी तेच सांगतलं, कोर्टात बी तेच. दीड वर्ष आत राहून आला, पन एक अक्षर बदललं नाई.

दाबला असता तं वाचली असती. माह्या हातचा ब्रेक होता तो. एकडाव पाय ठेवला असता नुसता, तरी वाचली असती.

येऊ नको.

लखीराम


आर्णी, ४ ऑक्टोबर

गुलाब,

तुहं उत्तर आलं नाई. मी मांगितलं बी नव्हतं. तरी पोस्टमन दुकानासमोरून गेला का माही मान वर होते. असो.

दसऱ्याले रंजिता आलती. तू पाह्यली तवा बारा वर्षांची होती, आता एकोनीसची झाली. यवतमाळले आयटीआयमंधी आहे, डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडले. बावीस पोट्टे अन् ही एकटी पोट्टी. मी म्हनलतं नर्सिंग कर. तं म्हने, "बाबा, मले पाना धरता येते, इंजेक्शन धरता येत नाई." मायवर गेली, दुसरं काय!

जेवतानी मले म्हने, "बाबा, काकाच्या गाडीले बुस्टर कोनतं होतं? व्हॅक्युम का हायड्रॉलिक?"

माहा घास हातातच राह्यला. सात वर्षांत या घरात 'काका' हा शब्द कोनी काढला नव्हता. म्हनलं, "पह्यले व्हॅक्युम होतं. मंग मी हायड्रॉलिक बसवलं." पोट्टीचे डोळे चमकले. "तुमी स्वतः बदललं? आमच्या सरायनं बी असं पाह्यलं नसन!" मले बी बरं वाटलं, मानूसच आहे. मंग सारं सांगत बसलो तिले.

तुले आठवते का ते? ती सेकंडहँड मेटॅडोर आनली तवा व्हॅक्युम होतं तिले. डायनमोच्या मांगचा पंप डब्यातली हवा ओढून टाकते, अन् तो रिकामा डबा तुह्या पायासंग पैडल ओढते. सारी करामत रिकाम्या डब्याची. पन पंप जुना, नळी चिरलेली, दर पंधरा दिवसानं पैडल कडक. सदाशिवराव, बसस्टँडजवळचे आपले जुने ब्रेकवाले, ज्यायच्या हाताखाली मी शिकलो, त्यायनं दोनदा नळी बदलून देल्ली. मी म्हनलं, हे हवेचं झंझट पाह्यजे कायले? तेलाचं बुस्टर बसवू. स्टेरिंगचा जो पंप आहे, त्याच्याच तेलाचा जोर पैडलले द्याचा. सदाशिवराव म्हने, "लखीराम, हवेचं काम हवेलेच करू दे. तेलात एक गेलं तं दोन्ही जाते, ब्रेक बी अन् स्टेरिंग बी." मी चार लोकायसमोर म्हनलं, "मास्तर, तुमचं वय झालं. हवेवर भरवसा तुमी ठेवा." हसले ते. मनात काय म्हनले देव जाने.

नागपूरच्या कबाड्यातून ते बुस्टर आनलं. मापाचं नव्हतं, पैडलची दांडी आखूड पडली, म्हनून वेल्डिंग मारून लांब केली. आठ दिवस दुसऱ्या गाडीले हात लावला नाई. अन् पैडल कसं झालं होतं गुलाब! याडीले कॅबिनमंधी चढवलं अन् तिनं हातानं दाबलं पैडल, हातानं! साऱ्या दुकानात हासाच हासा. नेरचे ड्रायव्हर पाह्याले आलते.

आता खरं ते आयक. तुही जुनी खोड. उतार आला का इंजिन बंद, डिझेल वाचवाची. व्हॅक्युमच्या डब्यात इंजिन बंद झाल्यावर बी तीन दाब शिल्लक राह्यते, म्हनून तू बोटं मोजत उतराचा. एक, दोन, अन् तिसरा खर्च व्हायच्या आत इंजिन चालू. हे मले माहीत होतं, म्हनून मी त्या दिवशी तुले साफ सांगतलतं का याच्यात असं करू नको. इंजिन बंद तं पंप बंद, अन् मंग पैडल बी दगड अन् स्टेरिंग बी दगड. साऱ्यायसमोर सांगतलतं. तुह्या ध्यानात नसन तं माह्या ध्यानात आहे.

ही खोड तुले कोनी लावली, त्याच्याशी आता काई मतलब नाई.

रंजिता ते बुस्टर कुठी आहे म्हनून विचारून राह्यली. मी म्हनलं, भंगारात गेलं.

लखीराम


आर्णी, २३ ऑक्टोबर

गुलाब,

हे तिसरं पत्र. मनात होतं लिहू नये. पन पोट्टीनं सांगून ठेवलं, "काकाले तुमी लिहिता का मी लिहू?" तं मीच लिहितो. माहं पाप मलेच लिहू दे, असं म्हन. नाई, पाप नको म्हनू. आधी आयकून घे.

दिवाळीच्या आमोशेले आपल्या पोरी दिवे घेऊन तांडाभर फिरतात, मोठ्यायले 'मेरा' म्हनतात, हे तुले नव्यानं काय सांगू. रंजितानं यंदा याडीचा जुना फेट्या काढला, काचा लावलेला घागरा, अन् गेली पोरीयच्या संग. सारी घरं झाली. मंग ही एकटीच तुह्या घरासमोर जाऊन उभी राह्यली. दाराले कुलूप, वट्यावर गवत, अन् ही दिवा धरून जोऱ्यानं म्हनते, "काका, मेरा!" गल्लीतलं सारं मानूस आयकून राह्यलं. घरी आली, याडीले मेरा म्हनलं, याडीनं तिच्या डोक्यावर हात फिरवला. मी मान पुढं करून बसलो होतो. माह्यासमोरून दिवा घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी अंगधुनं करून राह्यलो तं शेडमधून खडबड आली. पाह्यतो तं पोट्टीनं गोनपाट काढलं होतं. भंगारात गेलं नव्हतं ते. पोलिसायनं गाडी सोडल्यावर मीच सारं खोलून गोनपाटात बांधून ठेवलं होतं. काहून ठेवलं, विचारू नको.

तिनं बुस्टर फळीवर ठेवलं. त्याच्या बाजूले तो गोळा असते, ठाऊक आहे तुले. तेलाच्या बुस्टरमंधी व्हॅक्युमच्या डब्याचं काम तो गोळा करते. आत गॅस भरलेला. इंजिन बंद पडलं तरी दोन-तीन दाबायचा जोर त्याच्यात साठून राह्यते. तिनं गोळ्यावर दोन्ही अंगठे ठेवले अन् दाबलं. गोळा आत गेला. मंग धरून हालवला. लुळ्यावानी हालला.

"बाबा, हा मेलेला आहे. जिता असता तं हातानं हालला नसता."

म्हनलं, "नाल्यात पडून फुटला असन."

"फुटलेला नाई, चरा बी नाई. गॅस आधीच गेला होता याचा." मंग तिनं ती दांडी हातात घेतली, मी वेल्डिंग मारलेली. वेल्डिंगच्या जागी वाकलेली आहे ती, धनुष्यावानी. "हे कशानं वाकलं?"

"नाल्यात पडूनच."

"बाहेरून मार लागला असता तं ठेच दिसली असती. ही आगं-मांगं दाबून वाकली बाबा. कोनीतरी हिच्यावर सारा जोर देल्ला, उभं राहून." अन् मंग अगदी हळू आवाजात म्हने, "काकाची कोनती टाच फुटलती?"

मी सांगतलं नाई. तिले ठाऊकच होतं. उजवी.

पोट्टी करंजी बी न खाता यवतमाळच्या बसमंधी बसून निघून गेली. शिकवा पोरीले! बापानं बोट धरून पाना शिकवला, तं पोरीनं बापाच्याच गाठी खोलल्या.

आता एक विचारतो. तू दाबलता का? नसाबीत म्हनला तसं नको सांगू, खरं सांग. हो का नाई, येवढंच एका कार्डावर लिही. दुसरं काई नको.

लखीराम


आर्णी, ११ नोव्हेंबर

गुलाब,

कार्ड आलं नाई. आता मीच बोलतो. चार कागद फाडले, हा पाचवा.

दुसऱ्या पत्रात मी तुले लिहिलं का मी साफ सांगतलतं, इंजिन बंद करू नको. खोटं आहे ते. सात वर्षांत येवढ्या डाव मनात घोकलं का मलेच खरं वाटाले लागलतं.

झालं असं. त्या दिवशी याडीनं हातानं पैडल दाबलं, सारे हासून राह्यले. तू खाली वाकून पाह्यलं अन् मले विचारलं, "भिया, याच्यात बी तीन दाब आहे ना?" तू विचारलं, गुलाब. तू सोडलं नाई, बरोबर तेच विचारलं. सदाशिवराव तथीच उभे होते, तंबाखू मळत. त्यायनं गोळ्याकडं पाह्यलं अन् म्हनले, "लखीराम, गोळा जिता आहे का?"

गोळा मेलेला होता. मले दोन दिवस आधी समजलतं. माह्या बी अंगठ्यानं तो आत गेलता. दुसरा गोळा नागपुरात भेटला नव्हता, आनू मंग, असं म्हनलं होतं मनात. पन मास्तरले मी म्हातारा म्हनलो होतो ना! हवेवर भरवसा तुमी ठेवा, असं म्हनलो होतो ना! आता चार गावच्या ड्रायव्हरायसमोर 'मेलेला आहे मास्तर' कसं म्हनाव? मी म्हनलं, "जिता आहे." अन् तुह्याकडं पाहून म्हनलं, "तीन काय, चार दाब आहे. जा बिनधास्त."

जा बिनधास्त. मी म्हनलं हे. मंग उज्ज्वला महागावले जाऊन राह्यली होती, तं तिले बी मीच म्हनलं, बस कायले पाह्यजे, गुलाबच्या गाडीत जा, माहा ब्रेक आहे तिले.

अन् ती उताराची खोड? मीच लावली. तू सोळाचा होता, मी पहिल्यांदा स्टेरिंग हाती देल्लं तवा. तुही बोटं धरून मोजून देल्ले दाब. एक, दोन, तीन.

तं आता मी पाहून राह्यलो ते असं. तू इंजिन बंद केलं. वळनाच्या अलीकडं पह्यला दाब मारला. दगड. स्टेरिंग वळवलं, ते बी दगड. चाबी फिरवाले येळ नव्हता. मंग तू दोन्ही पायावर उभा राह्यला पैडलवर, टाच फुटेपावतर, माही वेल्डिंग वाकेपावतर. अन् त्याच घडीले तुले समजलं का भियानं खोटं सांगतलं. नाल्यातून तू उज्ज्वलाले बाहेर काढलं, मोडक्या टाचेनं, अन् मी येईपावतर तू ठरवून टाकलं का भियाले हे कधी कळू द्याचं नाई. आपल्या हातानं बायको गेली हे भियाले सोसनार नाई, असं वाटलं तुले. म्हनून तुहा डोळा लागला. मोठा आला डोळा लागनारा! उतारावर बोटं मोजनाऱ्याचा डोळा लागते का कधी?

अन् मले हे ठाऊक होतं. ती दांडी मी स्वतः खोलली होती गुलाब. वाकलेली पाह्यली, अन् गोनपाटात बांधली, अन् गाठ मारली. मंग सात वर्षं तुले शिव्या देल्ल्या.

काल उज्ज्वलाचा दिवस होता. रंजिता आलती. मी रामधन नाईकले म्हनलं, पंच बसवा. दंडाबिंडासाठी नाई, नुसतं आयकाले. देवळासमोर सारे बसले. मी गोळा ठेवला, दांडी ठेवली, अन् वर लिहिलं ते सारं सांगतलं, एकबी शब्द न खाता. सांगतलं का माह्या बायकोले मी मारलं अन् भावाले आत धाडलं.

मंग नाईक उठला, त्याचे डोळे भरलेले. मले वाटलं आता थुंकते हा माह्यावर. त्यानं मले छातीशी धरलं. म्हने, "पाहा गा पोट्ट्याहो, याले म्हनते भाऊ! बायको गेली, तरी धाकट्याले घरी आनाले त्याचा डाग आपल्या आंगावर घेऊन राह्यला!"

मी म्हनलं, "नाई नाईक, खरंच मी..." तं मांगून तांड्यातला गोपाल म्हने, "गाडी नाल्यात पडली तं दांडी वाकनच ना." मीच रंजिताले सांगतलेलं, तेच मले आयकवलं. म्हनलं, सदाशिवरावले विचारा. तं सदाशिवराव गेल्या उन्हाळ्यात वारले. मंग नाईकच म्हने, "गुलाबनं स्वतः सांगतलं होतं का दाबला नाई. त्यानं कायले खोटं बोलाव? अन् तेबी कोर्टात?"

टाळ्या वाजवल्या, गुलाब. माह्यासाठी. बाया डोळे पुसून राह्यल्या. रंजिता तेवढी उठून गेली.

तुहं खोटं आहे ना, ते माह्या खऱ्यापेक्षा पक्कं निघालं. तू कोनतंबी काम कच्चं केलं नाई कधी. आता मले खोटं ठरवनारा तूच एक आहे. ये घरी. भिया बलावते तुले. तांड्यासमोर उभा राह्य अन् सांग तू दाबलता. कितीकडाव दाबला तो आकडा सांग. याडीसाठी ये. रंजितासाठी ये. माह्यासाठी येऊ नको पाह्यजे तं.

तुहा भाऊ,
लखीराम


आर्णी, २९ नोव्हेंबर

गुलाब,

तुहं कार्ड आलं. पोस्टमननं हातात देल्लं अन् उभाच राह्यला, उघडं कार्ड, त्यानं बी वाचलं असन. मी चार पत्रं लिहून थकलो, तुह्या चार ओळी. पाठ झाल्या, तुलेच लिहून दाखवतो: "भिया, जय सेवालाल. मी ब्रेक दाबलाच नाई. माहा डोळा लागलता. रंजिताले आशीर्वाद सांग. गुलाब."

तेच शब्द. एक मात्रा इकडची तिकडं नाई.

सात वर्षं हेच वाक्य मी तुह्या तोंडावर मारलं. आता तू माह्या तोंडावर मारलं. तू हे मयेनं केलं का सूड घेतला, मले समजत नाई. अजूनबी मले वाचवतेच आहे का रे तू? का म्हनते तू, भोग आता, तुले कोनी दोषी म्हननार नाई, म्हनून कोनी माफ बी करनार नाई? जे असन ते असो. मले दोन्ही लागलं.

कार्ड याडीले वाचून दाखवलं. ती भिंतीले टेकून बसली होती. तिले दिसत नाई आता, उजेड-अंधार येवढंच. आयकून म्हने, "खोटं बोलते." म्हनलं, तुले काय ठाऊक? म्हने, "लहानपनी बी तू फोडाचा अन् तो मार खायचा. मी चूप राहत जाऊ, का दोघंबी माहेच." मंग म्हने, "तो येत नाई तं मले घेऊन चाल."

दुकानाचं मी सांगतलं नाई तुले. नसाबीपासून गर्दी वाढली. इतके दिवस कोनी ब्रेकसाठी येत नव्हतं, आता दिग्रसहून गाड्या येऊन राह्यल्या. मोठ्या मनाचा मिस्त्री म्हनते मले. कालच एका पिकअपवाल्यानं पैडल दाबून विचारलं, "इंजिन बंद झालं तं किती दाब राह्यते मिस्त्री?" म्हनलं, "एकबी नाई. एकबी नाई असं समजून चालव." तो हासला. मी त्याची चाबी काढून हातात धरून ठेवली, त्यानं दोनदा कबूल केलं तवा देल्ली.

दवाखान्यात तुही खाट खिडकीजवळ होती. मी उज्ज्वलाचे कागद घ्याले आलतो. तुह्या पायाले प्लास्टर घालून राह्यले होते, तू ओरडला नाई, माह्याकडं पाह्यत होता. डॉक्टर कोनाले तरी सांगत होता का टाच अशी तवाच फुटते जवा सारं वजन पायावर असते. मी आयकलं, गुलाब. आयकलं अन् तोंड फिरवलं. त्या दिवसापासून मी तुह्या पायाकडं पाह्यलं नाई. जेलमधून तू लंगडत आला म्हने, मी दुकानाचं शटर ओढून घेतलं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळच्या बसनं येतो. याडी आहे संग, रंजिता आहे. दांडी घेतली, गोनपाटात नाई, हातात. तू नसाबीले येऊ नको, तांड्यासमोर काई सांगू नको. तुह्या तोंडचं मले आता काईच आयकाचं नाई. लय आयकलं.

फाटकावर खुर्ची असते ना तुही, तथीच बस. याडीले टेकाले जागा कर. अन् उजव्या पायातला बूट काढून ठेव. मले टाच पाह्याची आहे.

लखीराम